गुरं उठवणारी गाडी

आमच्या चिपळूणकडे कुणाला सांगितलं, की आम्ही फेब्रुवारीत बारामती-इंदापूरला जाऊन आलो, तर पहिला प्रश्न येतो, ‘लग्न कुणाचं होतं?’ लग्न कुणाचंच नव्हतं. आम्ही गाडीचं ऑइल बदलायला गेलो होतो. हे ऐकल्यावर लोक माझ्याशी बोलायचं सोडून आमच्या ह्यांच्याकडे बघतात. बायकोला आवर घालणं हे नवऱ्याचं काम, असा त्या बघण्याचा अर्थ. ह्यांनी तीस वर्षांत ते काम हाती घेतलेलं नाही.

गाडी मी चालवते. हे शेजारी बसून ब्रेक दाबतात, तिथे ब्रेक नसला तरी. आमच्या घराकडे चढणारी वाट लाल मातीची, पावसात साबणासारखी होते, म्हणून चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडे ती मिळाली. करडी, उंच, आतल्या गाद्या कोऱ्या. आधीचा मालक कोण, असं विचारलं तर ‘एकदम सज्जन माणूस’ एवढंच दलाल म्हणाला. जुन्या गाड्यांचे सगळे मालक सज्जनच असतात, म्हणून मीही पुढे खोदलं नाही.

आवाज पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. पस्तीस-चाळीसच्या वेगाला खालून यायचा. खडखड नव्हे, घरघर नव्हे. तोंड मिटून कुणी लांबलचक ‘ऊंऽऽ’ म्हणावं तसा. पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, की गिअरबॉक्सला लागून एक छोटा डबा असतो, ट्रान्सफर केस म्हणतात, तो इंजिनची ताकद मागच्या चाकांना वाटून देतो. तो अख्खा बदला. आमच्या मुलाच्या मित्राने मात्र सांगितलं, की आधी त्यातलं ऑइल बदलून बघा, आणि ते काम बारामतीच्या दत्ता मिस्त्रीकडेच करा. मग काय, निघालो.

सुपे

सुप्याच्या आसपासचा मुलूख मला आवडला, हे आधीच सांगून टाकते. कोकणातल्या माणसाला इतकं आभाळ एकदम झेपत नाही. पिवळं गवत, मधेच एखादी बाभूळ, आणि नजर पोचेल तिथवर काही नाही. जवळच्या अभयारण्यात चिंकारा दिसतात म्हणून हे दुर्बीण घेऊन बसले होते. मी ह्यांना म्हटलं, आमच्याकडे भुतांना झाडं तरी आहेत, इथली बिचारी राहत कुठे असतील? हे म्हणाले, पुढे बघून चालव.

चिंकारा दिसावा म्हणून मी वेग कमी केला आणि खालून ‘ऊंऽऽ’ सुरू झालं. डाव्या हाताला बाभळीखाली एक गाय रवंथ करत बसली होती, ती उठून उभी राहिली. पुढच्या वस्तीवर दोन म्हशी होत्या, त्याही उठल्या. गाडीला घाबरून जनावर उठतं ते दाव्याला हिसडा देतं, तोंड फिरवतं. ही नुसती उभी राहत होती आणि गाडीकडे बघत होती. आणखी एका गोठ्यातली सगळी जनावरं एका ओळीत उठली, तेव्हा ह्यांनी दुर्बीण खाली ठेवली. 

पुढे एका वस्तीवर ‘हुरडा मिळेल’ अशी पाटी होती, तिथे थांबलो. उतरून बघते तो गोठ्याच्या तोंडाशी बादलीभर पाणी, त्यातून वाफा निघताहेत, दगडावर साबणाची कोरी वडी, शेजारी घडी घातलेला टॉवेल. मला कौतुक वाटलं. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात, इथे हात धुवायला गरम पाणी देतात, किती चांगली चाल. मी हात धुतले. इतक्यात घरातून पन्नाशीची बाई घाईने बाहेर आली, मला बघून थबकली आणि माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघत राहिली.

तिचं नाव हौसाबाई. तिने हुरडा भाजून दिला, वर लसणाची चटणी, पण बसली मात्र गाडीकडे पाठ करून. मी पाण्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, ते तुमच्यासाठी नव्हतं. इकडे एक गुरांचे डॉक्टर यायचे. गाय अडली, वासरू आडवं आलं, की हाक मारायची, ते हाताने सोडवायचे. त्यांना हात धुवायला गरम पाणी आणि साबण तयार ठेवायचं, ही सगळ्या वस्त्यांची रीत.

“गुरं उठली की आमी समजायचं, डॉक्टर येत्यात. आज उठली, म्हणून हातानं आपसूक पाणी ठेवलं,” ती म्हणाली. “पन डॉक्टर तर परतीच्या पावसात ओढ्यात गेले.”

मी हुरडा हातात धरून तशीच बसले. डॉक्टरांची गाडी कसली होती, हे ह्यांनी विचारलं. हौसाबाईने मागे वळून न बघता हात मागे केला आणि आमच्या गाडीकडे बोट दाखवलं.

बारामती

बारामतीचे रस्ते इतके गुळगुळीत की ह्यांना ब्रेक दाबायला निमित्त मिळेना. पण त्या दिवशी आम्हाला कशाचंच कौतुक सुचत नव्हतं. दत्ता मिस्त्रीचं गॅरेज शहराबाहेर आहे. माणूस गलेलठ्ठ, बोटांत अंगठ्या, आणि बोलणं अखंड. त्याने आधी मला शेजारी बसवून गाडी फिरवली. ऑइल गरम झाल्याशिवाय नीट उतरत नाही, म्हणाला. गाडीच्या पुस्तकात ह्या डब्याचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही असं लिहिलंय, असं ह्यांनी सांगितलं, तर तो म्हणाला, “कुणाच्या आयुष्यभर, ते लिवलंय का?”

गाडी वर उचलली. दत्ता खाली उभा राहून आम्हाला धडे देत होता. ह्या डब्याला दोन बुचं. वरचं भरायचं, खालचं काढायचं. नेहमी वरचं आधी उघडून बघायचं. खालून रिकामं केलं आणि वरचं गंजून बसलेलं निघालं, तर गाडी तिथेच खिळली. असं सांगत त्याने पान्हा लावला, हातातली बॅटरी पेटवून नीट जागा बघितली आणि बोलायचा थांबला.

तो बराच वेळ वर बघत राहिला. मग त्याने पान्हा काढला आणि गाडी खाली उतरवली. नंबराच्या पाटीकडे तो कधी बघत नाही, गाड्या खालूनच ओळखतो; सायलेन्सरच्या पत्र्यावर वेल्डिंगचा एक टाका मारलेला होता, तो त्याच्या स्वतःच्या हाताचा होता. गाडी त्यानेच वर्षानुवर्षं सांभाळली होती. ओढ्याच्या फरशीपुलावरून वाहून गेली ती रात्रभर पाण्यात होती. डॉक्टरांच्या बायकोने सुनीताने ती घरी न आणता परस्पर पुण्याच्या दलालाला देऊन टाकली.

“घरच्यांस्नी दावल्याबिगार मी हिला खोलणार न्हाय,” दत्ता म्हणाला. “मानसाला घरी नेल्याबिगार आपण पुढचं काय करतो का?”

हे म्हणाले, आपण दुसरीकडे जाऊ. व्यवहाराने बरोबर होतं ते. पण दत्ताने मग डॉक्टरांच्या वडिलांचं सांगितलं आणि माझा पाय निघेना. तात्या त्यांचं नाव. त्या संध्याकाळी डॉक्टर घरीच निघाले होते, कारण तात्यांची स्वतःची गाय अडली होती. तात्यांनी फाटकाशी पाणी तापवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगा सापडला. अग्नी तात्यांनीच दिला. पण परत आल्यावर त्यांनी हातपाय धुतले नाहीत आणि घरातही गेले नाहीत. फाटकाशी खाट टाकून बसले ते थंडी गेली तरी तिथेच होते. जेवण तिथे, झोप तिथे. रोज संध्याकाळी बादली भरून ठेवायची, सकाळी गार झालेलं पाणी ओतायचं. तो येतोय, त्याला गाय सोडवायची हाय, एवढंच म्हणायचे. आमच्याकडेही स्मशानातून आल्यावर पाय धुतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. तात्यांनी तो ओलांडलाच नव्हता.

दत्ताने सुनीताला फोन लावला, गाडीचं आणि तिच्या आवाजाचं सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. मग ती म्हणाली, गाडी बघून तात्या ताळ्यावर येतील, नाहीतर पार हातचे जातील. मागे एकदा गाडी आली असं म्हणत ते एकटेच ओढ्यापर्यंत गेले होते, लोकांनी धरून आणलं.

“आणायची तर दिवसाउजेडी आणा,” ती म्हणाली. “पन त्यो आवाज येऊ दिऊ नका. तात्या रोज सांजच्याला तोंड मिटून तसलाच आवाज काढत्यात. मला न्हाय सोसवत.”

मी ‘आणू’ म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला भीती वाटत होती, आणि तरी मला जायचं होतं.

इंदापूरच्या अलीकडे

भवानीनगरला उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकलो. हवेत मळीचा गोड-आंबट वास इतका, की तो जिभेवर येतो. आमच्याकडे फेब्रुवारीत मोहोराचा वास असतो. ट्रॅक्टरवाले एकमेकांशी गप्पा मारत होते, कुणी ऊस सोलून खात होता, आणि ते सगळं इतकं रोजचं होतं की मला धीर आला. मी ह्यांना म्हटलं, आवाज पस्तीसच्या वर येतो. शेतवाटेवर मी वीसच्या खाली राहीन. गाडी दाखवू, चहा घेऊ, निघू.

फाट्यावर दत्ता मोटारसायकलवर थांबला होता. तो पुढे, आम्ही मागे. उजव्या हाताला कालवा, डाव्या हाताला उभा ऊस. ऊन अजून चांगलं होतं. मी काट्याकडे बघत गाडी हाकत होते. काटा पंधरावर होता. आणि खालून आवाज आला.

आधी बारीक, मग भरत गेला. मी पाय उचलला तरी तो थांबला नाही. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. पुढे उसाची भिंत संपली, फाटक दिसलं, त्याच्या आत गोठा. गोठ्यातली जनावरं एकेक करून उठत होती. शेवटी एक लहान कालवड उठली. तिच्या जन्माआधीच डॉक्टर गेले होते, त्यांची गाडी तिने कधीच पाहिली नव्हती. ती आईच्या पोटाशी उभी राहून आमच्याकडे बघत होती.

फाटकाशी खाट होती, खाटेशी वाफाळती बादली, साबण, टॉवेल. सुनीता ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तात्या आधीच उभे होते. उंच म्हातारा, पागोटं नीट बांधलेलं. मी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. उतरावं, नमस्कार करावा, ‘आम्ही चिपळूणचे’ असं सांगावं, हे सगळं मी मनात घोकून ठेवलं होतं. पण ते माझ्या खिडकीशी आले आणि माझे हात स्टिअरिंगवरून हलेनात.

काच खाली होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. खिडकीच्या कडेवर हात ठेवला आणि माझ्या हातांकडे बघत, अगदी रोजच्या आवाजात बोलले.

“आलास व्हय. गाय व्याली रं. कालवड झाली. आपली आपणच मोकळी झाली.”

खांबाशी सुनीताने पदर तोंडात धरला होता. मी मान वर केली नाही. मला वाटलं, मी बोलले की बाईचा आवाज निघेल, आणि ह्या माणसाचं जे काही उरलंय ते आपल्या हातून मोडेल.

तात्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. “हितलं काम झालं. आता तू नगं उतरूस. जा तू.”

ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. मी “बरं” म्हणाले. आवाज माझाच होता, पण फार खालचा आला.

मी गाडी सुरू केली आणि मागे घेऊ लागले. वळेपर्यंत मला समोरच्या काचेतून दिसत होतं. तात्यांनी बादली ओढली, खाटेच्या कडेला बसले, आणि साबण लावून आपले हात धुतले, कोपरापर्यंत. मग पाय धुतले. टॉवेलने पुसले. मग उठले, सुनीताच्या बाजूने ओसरी चढले आणि उंबरा ओलांडून घरात गेले. सुनीता तशीच बाहेर उभी राहून रडत होती. आम्ही कुणी चहाला थांबलो नाही.

रात्री इंदापूरला हायवेलगतच्या लॉजवर मुक्काम केला. जेवायला उजनीची चिलापी होती. गोड्या पाण्यातल्या माशाला मी एरवी मासा म्हणत नाही आणि तसं वाढणाऱ्याला ऐकवतेही. त्या दिवशी मुकाट्याने खाल्ली, चव आठवत नाही. बाहेर ट्रक जात होते. त्यांच्या आवाजात मी तो आवाज शोधत होते, हे ह्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी उठून खिडकी लावली.

पुन्हा बारामती

सकाळी पुन्हा दत्ताकडे गेलो. त्याने गाडी वर चढवली, वरचं बूच उघडलं. ते लगेच निघालं. मग खाली पसरट भांडं धरून खालचं काढलं. ऑइल काळं असावं किंवा मधाच्या रंगाचं. हे दूध जास्त झालेल्या चहासारखं आलं, आणि शेवटी शेवटी त्यातून बारीक गाळ उतरला. ओढ्याचा गाळ. दत्ताने तो बोटांत चोळून बघितला. बुचाला आतून लोहचुंबक असतं, त्यावर आतल्या दातेरी चाकांची झीज लोकरीसारखी बसली होती.

पाणी आत कसं गेलं, हे ह्यांनी विचारलं. दत्ताने डब्याच्या माथ्यावरची एक बारीक नळी दाखवली. डबा तापला की त्या नळीतून वाफ बाहेर सोडतो. तापलेला डबा एकदम गार पाण्यात बुडाला, की त्याच नळीतून तो पाणी आत ओढतो. “शेवटचा श्वास घेतल्यावानी,” तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्यालाच ते आवडलं नाही. दलालाने इंजिनचं ऑइल बदललं, गाद्या बदलल्या, ह्या डब्याची मात्र कुणाला आठवण झाली नाही. म्हणून दाते कोरडे पडून आवाज करत होते.

त्याने नवीन ऑइल पंपाने वरच्या भोकातून कडेला येईपर्यंत भरलं, आम्हाला एक फेरी मारायला लावलं, ते पुन्हा काढून टाकलं आणि परत ताजं भरलं. आत पाणी राहू नये म्हणून. दुसऱ्या खेपेला ऑइल स्वच्छ उतरलं. एक शेतकरी जळकं ऑइल मागायला आला होता, दाराच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून इकडे ते लावतात. दत्ताने त्याला दुसऱ्या गाडीचं दिलं. आमचं एका डब्यात भरून, झाकण घट्ट लावून लांब ठेवलं.

निघताना मी सहज म्हटलं, डॉक्टर असताना गाडीचा हा आवाज सगळ्यांच्या कानात बसला असेल, म्हणून तात्यांनी ओळखला. दत्ता हात पुसत होता, तो थांबला.

“डॉक्टर असताना हिला आवाज नव्हता ताई. त्यो पाण्यानं आला, गाडी बुडल्यावर.”

मग तात्या इतके महिने कसला आवाज काढत होते? सुप्याची गुरं कशाला उठली? मी विचारलं नाही. दत्ताही माझ्याकडे बघत नव्हता, त्याच फडक्याने कोरडे झालेले हात पुन्हा पुसत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुनीताचा होता. तात्या आत पलंगावर झोपलेत, ऊन वर आलं तरी उठले नाहीत, श्वास नीट चाललाय, झोपू द्यावं ना, असं विचारत होती. झोपू दे, म्हणाला.

परतताना

परतीची वाट मी मुद्दाम सुप्यावरूनच धरली. मोकळा माळ आला तसा वेग पस्तीसवर आणला आणि तसाच ठेवला. खालून काही नाही. टायरांचा आवाज, वाऱ्याचा आवाज, बस. ह्यांनी दुर्बीण काढली नाही. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बघत होतो. बाभळीखालची गाय बसलेली होती. तिने कानही हलवला नाही. म्हशी बसलेल्या. आवाज गेला म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं, त्यासाठीच तर आलो होतो. मला एकदम रडू आलं. न पाहिलेल्या माणसासाठी मी त्या माळावर गाडी चालवत रडत होते आणि हे पहिल्यांदाच ब्रेक न दाबता बसले होते.

हौसाबाईच्या वस्तीवर थांबले. गोठ्याच्या तोंडाशी बादली नव्हती. सगळी जनावरं बसून रवंथ करत होती. मी दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे ती पिठाचे हात पुसत बाहेर आली.

“कवा आलात?” ती म्हणाली. “कळलंच न्हाय.”